वापरलेल्या मण्यांची बरणी कार्यालयाने ताब्यात घेण्याबाबत

प्रति,
मा. जलगुणवत्ता अधिकारी,
पाणीपुरवठा कार्यालय,
तिसरा मजला, खोली क्रमांक १४.

अर्जदार : घर क्रमांक २७, टाकीमागची गल्ली येथील रहिवासी, एका मुलीची आई (वय सतरा महिने, वय मुलीचे).

विषय : नळाच्या पाण्यातून काढलेले शिसे व ते धरून ठेवणारे मातीचे मणी असलेली काचेची बरणी आपल्या कार्यालयाने कायमची ताब्यात घेण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे पाच अर्ज.
२) आपल्या कार्यालयाची सहा उत्तरे (चौथ्या अर्जाला दोन आली, ती एकमेकांशी जुळत नाहीत).

महोदय,

उपरोक्त विषयी सहाव्यांदा लिहीत आहे. मुलगी आत्ताच झोपली आहे. ती साधारण चाळीस मिनिटे झोपते, म्हणून थेट मुद्द्यावर येते. अर्ज मध्येच तुटल्यासारखा वाटला, तर ती उठली असे समजावे.

१. सदर मुलीला आम्ही घरात मुंगी म्हणतो. सापडेल ते तोंडात धरते आणि चालू लागते, म्हणून. गेल्या दोन महिन्यांत मी तिच्या तोंडातून शर्टाचे बटण, खडूचा तुकडा, भिंतीचा पोपडा, सासूबाईंच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट आणि आपल्याच कार्यालयाच्या लखोट्याचा एक कोपरा काढला आहे. (त्यामुळे आपल्या दुसऱ्या उत्तराचा जावक क्रमांक मला नमूद करता येत नाही, क्षमस्व.) ही माहिती अनावश्यक वाटेल. परंतु या प्रकरणात जे काही आहे ते हिच्या तोंडात जाऊ नये एवढ्यासाठीच आहे, सबब ती आधी दिली.

२. मूल होण्यापूर्वी मी सहा वर्षे एका प्रयोगशाळेत सहायक होते. पाण्यातले जड धातू काढणे हे आमचे काम. ज्या पदार्थाने ते काढतो त्याला कागदोपत्री ‘चिकणमाती व बहुवारिक यांचे संमिश्र अधिशोषक’ म्हणतात. घरी आम्ही मणी म्हणतो. समुद्रातल्या शेवाळापासून मिळणारी एक डिंकासारखी पूड असते. ती पाण्यात गुठळी न होऊ देता घोटायची, त्यात वस्त्रगाळ चिकणमाती मिसळायची आणि ते दाटसर मिश्रण सुई काढलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीतून थेंबाथेंबाने कॅल्शियमच्या क्षारपाण्यात सोडायचे. थेंब पाण्यात पडला की तिथल्या तिथे आवळून गोल होतो. हा झाला मणी. डिंकाची जाळी मातीला सांभाळते आणि माती, जाळी मिळून पाण्यातल्या शिशाला धरतात. आणि धरतात म्हणजे कशा, तर मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की मुंगी माझी ओढणी धरते तशा.

मणी करण्याचे काम बसून करायचे आणि निवांत असते. मुंगी पोटात होती तेव्हा शेवटच्या महिन्यापर्यंत मी ते करत होते. पिचकारीतून थेंब पडताना ती आत शांत व्हायची.

३. मुंगीला पाचवा महिना लागला आणि वरचे पाणी सुरू करायची वेळ आली. जुन्या सवयीने मी नळाच्या पाण्याची एक बाटली प्रयोगशाळेत नेली. तिथल्या मोठ्या बाईंनी ती यंत्राला लावली. ठरवून दिलेल्या मर्यादेच्या पाचपट शिसे निघाले. आमच्या गल्लीतली नळवाहिनी सासूबाईंच्या लग्नाच्याही आधीची असून तिचे सांधे शिशाचे आहेत. बाईंनी अहवालावर सही केली आणि मुंगीला मांडीवर घेऊन तिच्या टाळूवरून हात फिरवत बसल्या. आपणांस ठाऊक असेलच, तरी नमूद करते की शिसे मोठ्या माणसाला सावकाश त्रास देते, पण लहान मुलाचे शरीर त्याला कॅल्शियम समजून आपलेसे करून टाकते. मग ते मूल बोलायला लागताना, शिकायला लागताना ते आड येते, आणि आड काय आले ते कुणाला दिसत नाही.

त्या दिवसापासून आमच्या ओट्यावर दहा लिटरचे स्टीलचे पिंप आहे. सकाळी नळ आला की भरायचे, दोन मुठी मणी सोडायचे, येता-जाता ढवळायचे. पिंपाच्या तोटीला आतून जाळी लावली आहे, मणी आत राहतात, पाणी तेवढे बाहेर येते. पंधरा दिवसांनी मणी दमतात, म्हणजे आणखी शिसे धरू शकत नाहीत. मग ते काढून सुकवायचे आणि बरणीत टाकायचे. पिंपातले पाणी बाईंनी तपासले. त्यात यंत्राला शिसे दिसले नाही. माझ्या शिक्षणाचा घराला झालेला हा पहिलाच उपयोग, असे सासूबाई म्हणाल्या.

४. यानंतर माझा पहिला अर्ज. त्यात मी एवढेच विनविले होते की गल्लीची नळवाहिनी बदलावी. आमची गल्ली तशीही बदलण्याच्या यादीत सातव्या क्रमांकावर होती. अर्जाची दखल घेऊन आपले निरीक्षक नमुना घेण्यास आले, याबद्दल मी आभारी आहे. ते साडेअकरा वाजता आले. आमच्याकडे पाणी सकाळी सहा ते आठ येते. मी म्हटले, ‘भाऊ, उद्या साडेसहाला या, ताजा नमुना देते.’ ते म्हणाले, ‘ताई, साडेसहाला मी माझ्या घरी पाणी भरत असतो.’ त्यांच्या नमुनापत्रात ‘नमुना घरातील तोटीतून घ्यावा’ असे छापलेले होते. त्यांनी घरभर नजर फिरवली आणि ओट्यावरच्या पिंपाच्या तोटीतून बाटली भरली. ते पाणी मण्यांमधून गेलेले आहे असे मी दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगणार तोच मुंगीने त्यांचा शर्ट ओला केला, आणि तो विषय तिथे राहिला.

नमुन्याचा निकाल ‘शिसे : आढळले नाही’ असा आला. तो आपल्या कार्यालयाच्या इतिहासातला सर्वांत शुद्ध नमुना ठरला असे कळते. त्या आधारे गल्लीतल्या उरलेल्या एकोणचाळीस घरांचे नमुने घेण्याची गरज राहिली नाही, नळवाहिनी बदलण्याच्या यादीतून गल्लीचे नाव वगळण्यात आले, आणि आमच्या मोरीतल्या नळावर ‘आदर्श नळ’ अशी निळी पाटी ठोकण्यात आली. पाटी उत्तम आहे. मुंगी पहिल्यांदा आधार धरून उभी राहिली ती त्याच नळाखालच्या कठड्याला धरून, आणि हात उंच करून ती पाटीकडे बघत होती. त्या दिवशी घरात सर्वांना आनंद झाला, फक्त मी त्या नळाकडे बघत होते.

(येथे मुंगी उठली. पुढील मजकूर दुसऱ्या दिवशीचा आहे.)

५. माझा दुसरा अर्ज चूक दुरुस्त करण्याबाबत होता. नमुना नळाचा नसून पिंपाचा आहे हे त्यात स्पष्ट केले होते आणि बाईंच्या तपासणीचा मूळ अहवाल सोबत जोडला होता. उत्तर आले की, एकदा घेतलेला नमुना हा घेतलेलाच असतो. तीन वर्षांनी पुढील पाहणी होईल, तेव्हा हरकत नोंदवावी. तीन वर्षांनी मुंगी शाळेत जाऊ लागलेली असेल. एक मात्र प्रांजळपणे सांगते. हे उत्तर वाचून मला तेवढे वाईट वाटले नाही, कारण तोवर माझ्या काळजीची जागा बदलली होती. पाणी मी सांभाळत होते. आता बरणी सांभाळायची होती.

६. बरणीविषयी. ती तीन लिटरची, जाड काचेची आहे. सुकलेले मणी मिरीच्या दाण्याएवढे, मातकट आणि दिसायला अगदी खाण्यासारखे असतात. बरणी हलवली की खुळखुळ्यासारखी वाजते. असा आवाज घरात दुसऱ्या कोणत्याही वस्तूला नाही, आणि तो मुंगीला कितीही गाढ झोपेतून ओळखू येतो. खरा खुळखुळा आम्ही आणून दिला होता. त्याला ती विचारत नाही.

मुंगी पालथी पडत होती तेव्हा बरणी ओट्याखाली होती. रांगू लागली तशी ओट्यावर गेली. धरून उभी राहू लागली तशी पहिल्या फळीवर. चालू लागली तशी दुसऱ्या. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर एका बाजूला मुंगीच्या उंचीच्या खुणा आहेत, त्या सगळ्यांच्याच घरी असतात. आमच्या चौकटीच्या दुसऱ्या बाजूला बरणीच्या उंचीच्या खुणा आहेत. दोघी बरोबरीने वाढत आहेत. मुलीचे वडील घड्याळे दुरुस्त करतात, स्वभावाने अबोल आहेत. पण परवा चौकटीकडे बघून म्हणाले, ‘आता घरावर एक मजला चढवू या, बरणीसाठी.’

७. कचऱ्यात टाकून मोकळे का होत नाही, असे मला शेजारच्या शिंपीणबाईंनी विचारले, आणि आपल्या निरीक्षकांनीही. कचरा जिथे जातो तिथून पाणी झिरपून ओढ्याला मिळते. मी आमच्या पाण्यातून काढून दुसऱ्या कुणाच्या पाण्यात घालायचे, तर एवढे थेंब मोजत बसायचे कशाला? तिथेही कुणाची तरी मुंगी असणारच. प्रयोगशाळेत देऊन पाहिले. तिथे ज्या प्रयोगाची नोंद आहे त्याचाच कचरा घेतात. मोठ्या बाई हळहळल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, तू गेलीस त्याच दिवशी तुझ्या नावाचा डबा बंद झाला.’

सबब मी तिसरा अर्ज केला की, शिसे आपल्या नळातले आहे, ते आपण घेऊन जावे. उत्तर आले : ज्याअर्थी सदर गल्लीच्या पाण्यात शिसे नाही, त्याअर्थी बरणीतील शिसे सदर पाण्यातील असू शकत नाही, अर्जदाराने ते कोठून आणले याचा खुलासा सात दिवसांत करावा. मी सात दिवसांत केला. तो माझा चौथा अर्ज. त्याला दोन उत्तरे आली. पहिले आपल्या शाखेचे : नळवाहिनीतील कोणताही घटक परवानगीविना काढता येत नाही, तरी काढलेले शिसे जेथून काढले तेथे पूर्ववत करावे. दुसरे आपल्या भांडाराचे : भांडारातून शिसे बाहेर गेल्याची नोंद नसल्याने ते आत घेता येत नाही.

पहिले उत्तर मी अनेकदा वाचले. शिसे पूर्ववत करणे अशक्य नाही, हे मी आपणांस प्रामाणिकपणे कळवते. मणी आम्लात भिजवले की शिसे सोडतात. मला ते येते. सहा वर्षे तेच केले आहे. परंतु माझ्या हाताने, माझ्या मुलीच्या पाण्यात? मी ते उत्तर घडी घालून ठेवले आणि मणी करायला बसले. मुंगीने तीनदा माझे नाक ओढून पाहिले.

८. आता एक गोष्ट जी मी यापूर्वीच्या अर्जांत संकोचाने लिहिली नव्हती. ‘आदर्श नळ’ ठरल्यापासून, म्हणजे गेले दहा महिने, आपल्या कार्यालयाचे शिपाईकाका सुट्टीचे दिवस सोडून रोज सकाळी दहा-दहा लिटरचे दोन कॅन घेऊन आमच्याकडे येतात. साहेबांच्या टेबलावर व बैठकीत हेच पाणी असते असे ते सांगतात. ‘काय चव आहे हो ताई, साहेब म्हणतात असं पाणी त्यांच्या गावच्या विहिरीलासुद्धा नव्हतं.’ मी त्यांना नळ दाखवला, पाटी दाखवली, आणि कॅन पिंपातून भरून दिले. एका पिंपात भागेना म्हणून आणखी दोन पिंपे आणली. मणी तिप्पट लागू लागले. मुंगीच्या दुपारच्या झोपेत मी पूर्वी कपडे घड्या करत असे, आता मणी करते.

सासूबाईंचे म्हणणे वेगळे होते. ‘एक दिवस सरळ नळाचं भरून दे. पुढचा नमुना आपोआप साहेबांच्या पोटात जाईल.’ त्या मुळात मऊ आहेत, तोंडाने फटकळ. मीही एका सकाळी कॅन नळाखाली धरला होता, खोटे कशाला सांगू. तेवढ्यात शिपाईकाका मुंगीला कडेवर घेऊन सहज बोलून गेले, ‘आमच्या साहेबांची नात अशीच. बालवाडी सुटली की साडेतीनला येते, टेबलाखाली घर करून खेळते. दुसरं पाणी देऊन बघितलं, नाही घेत. तुमचंच पिते.’

मी कॅन ओतून दिला आणि पिंपातून पुन्हा भरला.

याचा परिणाम असा की बरणी तिप्पट वेगाने भरली. मी हिशेब केला आहे. वर्षभरात आमच्या घरच्या पाण्यातून निघालेले शिसे तांदळाच्या नऊ दाण्यांच्या वजनाचे आहे. आपल्या कार्यालयाच्या पाण्यातून निघालेले बारा दाण्यांच्या. एकूण एकवीस. एवढेसे. पण ते एकवीस दाणे मातीच्या हजारो मण्यांत वाटले गेले आहेत आणि त्यातला कोणता मणी मुंगीच्या हाती लागेल हे सांगता येत नाही. सबब बरणीतल्या शिशाची निम्म्याहून अधिक मालकी आपल्या टेबलाकडे जाते, ही बाब भांडाराच्या निदर्शनास आणावी ही विनंती.

९. पाचव्या अर्जात मी फक्त उंचीविषयी लिहिले होते. आपण निरीक्षकांना पुन्हा पाठवले. या वेळी त्यांनी मोजपट्टी आणली होती. त्यांनी बरणीची जमिनीपासूनची उंची मोजली, मुंगीची मोजली (ती उभी राहीना, तेव्हा आडवी मोजली), वजाबाकी केली आणि शिफारस लिहिली : ‘बरणी अधिक उंचीवर ठेवावी.’ त्यानुसार बरणी कपाटाच्या माथ्यावर गेली. त्याच्या वर छत आहे. निरीक्षक वाईट नाहीत. जाताना त्यांनी मुंगीला आपली पेन्सिल दिली आणि ती तिने खाल्ली.

गेल्या मंगळवारी मी कपडे वाळत घालून आत आले. मुंगीने पाट ओढला होता. पाटावरून स्टुलावर, स्टुलावरून खुर्चीवर, आणि खुर्चीवरून ती कपाटाच्या मधल्या खणात उभी होती. तिथून तिचा हात माथ्याच्या कडेला लागला होता. तिने कपाट हलवले. बरणी वाजली. ती हसली, आणि तिने पुन्हा हलवले.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर ती पडली असती. मी हळूच मागून जाऊन तिला उचलले आणि मग खाली बसले. तिने तोंड उघडून दाखवले, आत काही नाही म्हणून. रोज मीच तिला तसे करायला लावते ना, आता न सांगता दाखवते.

१०. दुसऱ्या दिवशी मी आपल्या कार्यालयात आले. अर्ज करायला नव्हे. दुसऱ्या अर्जासोबत जोडलेला बाईंचा मूळ अहवाल परत मिळावा, म्हणजे तो घेऊन दुसरीकडे कुठे तरी दाद मागता येईल, असा विचार होता. आवक खिडकीवरच्या लिपिकबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे, मग कडेवरच्या मुंगीकडे पाहिले आणि समजुतीच्या सुरात सांगितले, ‘बाळा, इथं आलेलं सहपत्र परत जात नाही. मी एकोणीस वर्षं इथं बसते. माझं स्वतःचं जन्मपत्रक जोडलं होतं एकदा, ते पण आतच आहे.’

मला रडू येणार होते. परंतु मुंगी भिंतीवरच्या सूचनाफलकावर थापा मारू लागली, म्हणून मी तो वाचला. त्यावर लिहिले आहे :

‘अर्जासोबत जोडलेली सहपत्रे कोणत्याही परिस्थितीत परत केली जाणार नाहीत. ती अभिलेख कक्षात दहा वर्षे कुलूपबंद ठेवली जातील.’

मी अभिलेख कक्ष कुठे आहे ते विचारले. बाईंनी बोटाने दाखवला. मी जाऊन पाहून आले. जिन्याखाली आहे, दार लोखंडी आहे, कुलूप माझ्या तळहाताएवढे आहे. आत ओल नाही, असे पहारेकऱ्याने सांगितले. आणि दारावर पाटी आहे : ‘लहान मुलांना प्रवेश नाही.’

महोदय, गेले वर्षभर मी अशाच एका जागेच्या शोधात होते. ती आपल्याच इमारतीत आहे हे मला कुणी सांगितले नव्हते.

मी परत खिडकीशी येऊन विचारले की, सहपत्र कागदच असावे असा नियम आहे का. बाईंनी पुस्तक काढून पाहिले. त्यात ‘कागद, वस्तू वा अन्य पुरावा’ असे आहे. त्यांनी पुस्तक मिटले, मुंगीच्या गालाला हात लावला आणि एवढेच म्हणाल्या, ‘सकाळी ये. अकराच्या आत गर्दी नसते.’

११. तरी या अर्जासोबत सदर बरणी सहपत्र क्रमांक एक म्हणून जोडत आहे. झाकण मुलीच्या वडिलांनी मेणाने बंद केले असून घड्याळाच्या काचेला लावतात तो डिंक वरून लावला आहे. सासूबाईंनी बरणी जाड गोधडीच्या तुकड्यात शिवली आहे. त्यामुळे ती वाजत नाही. शिवताना त्या म्हणाल्या, ‘लेकीला सासरी पाठवताना एवढी काळजी घेत नाही कुणी.’

१२. माझ्या विनंत्या पुढीलप्रमाणे आहेत. बरणी आपल्याच नियमानुसार परत करू नये. सकाळी साडेसहा वाजता, मोरीतल्या नळातून, पाटीखालून, पुन्हा नमुना घ्यावा. मी चहा करून ठेवीन. नमुना खराब निघाल्यास, तो निघेलच, गल्लीला पुन्हा यादीत घ्यावे. सातव्या क्रमांकाचा आग्रह नाही. शेवटचा चालेल, पण यादीत असावा. इतर एकोणचाळीस घरांत पिंपे नाहीत. त्यांतल्या सहा घरांत लहान मुले आहेत, आणि शिंपीणबाईंचे दिवस भरत आले आहेत.

१३. शेवटचे, आणि हे खाजगी समजावे. माझ्या मागच्या अर्जांवरून दिसते की, आलेले प्रकरण अभिलेख कक्षात जाण्यापूर्वी साधारण चाळीस दिवस आपल्या टेबलावर राहते. म्हणजे बरणीही राहील. आपल्या खोलीत दुपारी साडेतीनला आपली नात येते आणि टेबलाखाली खेळते. तिची उंची मला ठाऊक नाही. तरी बरणी टेबलावर ठेवू नये, टेबलाखाली तर नकोच. खिडकीजवळच्या लोखंडी कपाटाचा माथा मी येता-जाता नजरेने मोजला आहे. तिथे ठेवावी, आणि आपली खुर्ची, शिपाईकाकांचे स्टूल व टपालाचे खोके त्या कपाटापासून दूर सरकवावे. मुले तीन पायऱ्यांत चढतात. गोधडी उसवू देऊ नये. आणि रोज नातीला एकदा तोंड उघडून दाखवायला सांगावे. सुरुवातीला हसतील, मग सवय होते.

आपण हे कराल याची मला खात्री आहे. तिच्या पाण्याची काळजी मी दहा महिने घेतली, आता चाळीस दिवस बरणीची काळजी आपण घ्यावी. इतकेच मागणे.

मुंगी उठली आहे. कपाटाकडे बघते आहे. माथ्यावर काही नाही हे तिला कळलेले दिसत नाही.

आपली नम्र, आणि आजपासून दोन्ही हात मोकळे असलेली,

(सही)
मुंगीची आई
घर क्रमांक २७, टाकीमागची गल्ली

दिनांक : ११ मार्च

सोबत जोडले आहे :

१. वापरलेल्या मण्यांची बरणी, नग एक, गोधडीसह.

२. दाराच्या चौकटीवरील खुणा उतरवलेली कागदाची पट्टी. डावीकडे मुंगी, उजवीकडे बरणी. गेल्या मंगळवारची खूण लाल पेन्सिलीने केली आहे. तिथे दोन्ही बाजू एक झाल्या आहेत.

३. आपल्या सहा उत्तरांच्या प्रती. दुसऱ्या उत्तराला एक कोपरा कमी आहे.

४. सकाळी साडेसहाच्या नळाच्या पाण्याची बाटली. पिऊ नये.

५. ताज्या मण्यांची पुडी, आपल्या नातीसाठी. उद्यापासून शिपाईकाकांना कॅन भरून देणे जमणार नाही, मणी करण्याची वेळ आता शिंपीणबाईंच्या घरासाठी ठेवली आहे. पुडी महिनाभर पुरेल. पंधरा दिवसांनी मणी दमतील. दमलेले मणी कोठे द्यावेत, याबाबत आपल्या कार्यालयाकडून मार्गदर्शन व्हावे.